माझ्यावर उभे राहिलेले पाऊल

मित्रांनो, बुटांच्या दुकानात पाऊल ठेवून माप घेतात ना, तसलेच मी एक जुने लाकडी माप आहे. माझ्या अंगावर आकडे कोरलेले आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, एका लहान गावात, टॉलिव्हरसाहेबांच्या दुकानात मी वीस वर्षे राबले. गोऱ्या लेकरांची गुबगुबीत पावले माझ्यावर पडत आणि त्यांच्या आया म्हणत, "या दुकानातलं माप कधी चुकत नाही." मला तेवढ्यावरच धन्य वाटे.

काळ्या माणसाचे पाऊल मात्र माझ्यावर कधी पडले नाही. त्यांनी दुकानात बूट घालून बघायचा नाही, असा तिथला दंडक होता. घरीच कागदावर पाऊल ठेवायचे, भोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद कापून आणायचा. साहेब तो बुटाच्या तळव्याला लावून बघत. बूट एकदा दिला की परत घेत नसत.

आर्लेथा लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. तिने आपल्या लेकीचे, वर्नीसचे पाऊल कागदावर उतरवले ते पोर खाटेवर बसलेली असताना. अंगाचा भार पडला की पाऊल पसरते, हे तिला कोण सांगणार? बूट आखूड निघाले. शाळा तीन मैलांवर. वर्नीसचा अंगठा आधी लाल झाला, मग काळा पडू लागला. डॉक्टर म्हणाले, "हे बूट पुन्हा घातलेस तर अंगठा जाईल. अनवाणी चिखलात गेलीस तर पायच जाईल." आता दुसरा कागदही चुकला तर? आर्लेथाने तीन दिवस उपास केला, प्रार्थना केली आणि शनिवारी भर गर्दीत मुलीला घेऊन दुकानात आली.

"कागद कुठाय?" साहेबांनी विचारले.

"नाही आणला, साहेब."

"का गं, घरातली पेन्सिल संपली वाटतं?"

दोन गिऱ्हाइके हसली. आर्लेथा हळूच म्हणाली, "कागदाला दुखत नाही, साहेब. हिला दुखतं."

ती खाली बसली, मुलीच्या पायाची चिंधी सोडली आणि ते सुजलेले पाऊल माझ्यावर ठेवले.

"उभी राहा, बाळा. सगळा भार टाक."

मित्रांनो, ते पाऊल तव्यासारखे तापले होते.

"आर्लेथा, उचल तिला. नाहीतर या गावात तुला धुणं मिळायचं नाही."

"ठाऊक आहे, साहेब." तिने मान वर केली नाही. बोटाने माझा आकडा चाचपला. "पाच नंबर द्या."

साहेबांनी बूट दिले नाहीत, पोलीस बोलावला. आर्लेथा त्याच्याबरोबर गेली. मला सोड्याने खसाखसा घासले. तरी एक बाई म्हणाली, "माझ्या लेकीचा पाय नाही ठेवणार मी त्यावर." दुसऱ्या दिवशी मी उकिरड्यावर होते. ज्या मापाची इतकी वाखाणणी झाली, ते एका पावलाने बाटले.

दुकान झाडणाऱ्या होझियाकाकांनी मला पोत्यात लपवून आपल्या, काळ्या लोकांच्या चर्चमध्ये नेले. पाच नंबरचे बूट शेजारच्या गावातून आले, पण उशिरा. अंगठा गेला होता. सुटून आल्यावर आर्लेथाला गावात कुणी धुणे दिले नाही. ती दूरच्या शहरात कामाला गेली आणि तिथेच झिजून संपली.

आज माझे आकडे पुसट झाले आहेत. रविवारी प्रार्थना झाली की वर्नीस लंगडत येते, मला बाकाखालून काढते आणि लोकांची मापे घेते. आता लोक कागद नेत नाहीत, नंबर सांगतात. मित्रांनो, मला रंगवू नका, काचेत ठेवू नका. तुमच्या दारी कुणी दुखरे पाऊल घेऊन आले तर कागद मागू नका, इतकेच करा. वर्नीस करते तसे खाली बसा. समोर कुणीही असो, ती गुडघे टेकते आणि म्हणते, "उभं राहा. सगळा भार टाका."