पोवळ्याला चढलेला रंग

थोरल्या वहिनींना पोवळ्यांची किळस होती. पण ज्या घराची चूल पोवळ्यांवर पेटत होती, त्या घरात हे उघड बोलण्याची सोय नव्हती. खाली जुन्या दागिन्यांचे दुकान, वर राहत्या खोल्या. दुकानात धाकटे दीर बोलत आणि मागच्या खोलीत वहिनी ओवत. मेलेल्या माणसांच्या गळ्यांतून उतरलेल्या माळा त्यांच्या हाती येत, तेव्हा दोरे मानेच्या मळाने काळे आणि ताठ झालेले असत. वहिनी ते चिमट्याने धरून कापत, मणी कोमट पाण्यात सोडत, आणि पाण्यावर तवंग धरला की त्यांची अन्नावरची वासना उडे.

भाऊजींना मात्र त्या मळातही इतिहास दिसे.

"हा दगड नव्हे, साहेब," ते गिऱ्हाइकाला सांगत. "एका राक्षसिणीचं मुंडकं उडवलं, तिचं रक्त समुद्रातल्या शेवाळावर सांडलं, त्याचं हे झालं. योद्धे तलवारीच्या मुठीत बसवायचे, वैद्य कुटून पाजायचे. दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात तर हे हवंच! दुखणं यायच्या आधी पोवळं फिकं पडतं, आणि निरोगी अंगाला लागलं की पुन्हा लालबुंद!"

पोवळे म्हणजे समुद्रातल्या बारक्या जिवांचे हाड; जाळी ओढून ते ओरबाडून काढले की वरची बुळबुळीत साल कुजते आणि अख्खे बंदर नाक मुठीत धरून बसते, हे भाऊजी कधी सांगत नसत. वहिनींचे माहेर बंदराचे होते. ती घाण त्यांच्या नाकात कायमची घर करून राहिली होती.

मागच्या आठवड्यात अशीच एक माळ आली. मणी हाताने घडवलेले, भोके दोन्ही बाजूंनी पाडून मध्ये वाकडीतिकडी मिळालेली. म्हणजे माळ खरोखरच जुनी. पण आधीच्या मालकिणीच्या अत्तराने आणि घामाने तिचा रंग पार उतरलेला. उकडून गार झालेल्या मांसासारखी दिसत होती. वहिनींनी ती धुतली, नव्या दोऱ्यात ओवली, आणि हात साबणाने तीनदा धुतले.

तीच माळ आज सकाळी त्यांच्या तान्ह्या नातीच्या गळ्यात लालभडक होऊन चमकत होती.

"आई, लवकर या!" सुनेने हाक मारली. "दात आला! रक्त बघा केवढं!"

नात मांडीवर बसून माळ चघळत होती. हनुवटी लाल, लाळ लाल, झबल्याचा गळा लाल. भाऊजी धापा टाकत जिना चढून आले. "बघा, वहिनी! मढ्यासारखी फिकी होती ना? पोरीच्या अंगाला लागली आणि रसरसली! पोवळ्याचा गुणच आहे तो."

सुनेचे डोळे भरून आले. वर्षानुवर्षे जिन्यावरून तेच ऐकून तिचाही त्यावर विश्वास बसला होता.

वहिनींनी नातीच्या हिरडीवरून बोट फिरवले. हिरडी गुळगुळीत होती. ना दात, ना ओरखडा. त्यांनी रुमालाने हनुवटी पुसली आणि रुमाल नाकाशी नेला. रक्ताचा वास नव्हता. कपड्याच्या रंगाचा होता, आणि शिळ्या तेलाचा.

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. ओट्यावर नातीच्या दुधाचे पातेले होते. साय चिकटली होती, आणि सायीच्या वर, काठाखाली, एक गुलाबी कड सगळीकडून फिरली होती. माळेला रंग याच पातेल्यात चढवला होता. वहिनींनी ते उचलले.

बाहेर आल्या तेव्हा नातीचा गळा मोकळा होता.

"माळ कुठाय?"

"काकांनी नेली. गिऱ्हाईक आलंय म्हणाले. बाळाच्या अंगावर रंगलेली दाखवायची आहे."

"तिचं तोंड धू आणि आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे ने. रंग पोटात गेलाय, सांग. आज दूध दुसऱ्या भांड्यात." वहिनी पातेले घेऊनच जिना उतरल्या.

खाली एक निवृत्त मास्तर नातवासाठी माळ पाहत होते. "चावली तर चालेल ना हो?"

"खुशाल!" भाऊजी म्हणाले. "आमच्याच घरची तान्ही पोर सकाळपासून..."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "ती तोंडात धरा."

"हॅ हॅ, वहिनी, काय थट्टा..."

"जिला एक दात नाही तिनं सकाळभर धरली. तुमची बत्तिशी शाबूत आहे. धरा."

भाऊजींनी माळ ओठांपर्यंत नेली. त्यांची नजर पातेल्यावर गेली, नाकपुडी आक्रसली, आणि हात आपोआप खाली आला. मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिले. घामाने ओल्या झालेल्या चिमटीला गुलाबी डाग लागला होता. त्यांनी तो पँटला पुसला, छत्री उचलली आणि निघून गेले.

"घरातली गोष्ट घरात बोलता आली असती," भाऊजी फणफणले.

"घरातली? बाळाच्या दुधातली म्हणा."

तेवढ्यात दार ढकलून एक तरुण बाई आत आली. आणि वहिनींच्या देखत, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच, भाऊजींचे हसू पुन्हा जागेवर बसले. "या, या! योग्य वेळी आलात. या आमच्या वहिनी. रंगवलेलं पोवळं नुसत्या वासावर ओळखतात. म्हणून तर आमच्याकडे खोटा मणी टिकत नाही!"

वहिनींना पातेल्यापाशी आली नव्हती एवढी शिसारी आता आली. हा माणूस उद्या दुकानात नातीचे नाव घेऊनही हीच कथा रंगवील, हे त्यांना लख्ख दिसले.

"उठा," त्या म्हणाल्या.

"अहो, गिऱ्हाईक..."

"उठा म्हणते ना."

भाऊजी उठले. वहिनींनी रुमालाची कोरी बाजू काढून गल्ल्यावरच्या खुर्चीचे दोन्ही हात पुसले, बैठक पुसली, आणि मग त्या बसल्या. लाल माळ त्यांनी पातेल्यात टाकली व पातेले पायाशी ठेवले.

"पोवळं कुणासाठी हवंय?"

"माझ्यासाठीच," ती बाई बिचकत म्हणाली. "ते दुखण्याचं आधी कळतं म्हणतात ना..."

"काही कळत नाही. घाम आणि अत्तर लागलं की ते फिकं पडतं, एवढंच. हे समुद्रातल्या जिवाचं हाड आहे आणि आमच्याकडे येतं ते मेलेल्या माणसाच्या गळ्यातून. लाल हवं असेल तर हे माझे दीर करून देतील, पण त्यांना आता भांडं मिळायचं नाही."

बाईने वाकून पातेल्यात पाहिले. "न रंगवलेलं आहे का?"

"आहे. फिकं आहे."

"दाखवा."

वहिनींनी भाऊजींकडे न पाहता कपाटाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.