गुडघे उठवणारी पुडी

सभागृह दारापर्यंत भरलं होतं. व्यासपीठावर एक आजोबा काठी टाकून चालत होते आणि बाबा माइकवर गर्जत होता, "डॉक्टरांनी हात टेकले, आमच्या पुडीनं पाय उचलले! यात केमिकल नाही, फक्त मंत्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पहिल्या रांगेत हात बांधून बसले होते. मी फार्मासिस्ट आहे, आणि याच पुडीनं माझी थोरली बहीण नेली होती.

ताईचे सांधे धरलेले. पुडी सुरू झाली आणि ती भराभर जिने चढू लागली. "तुझ्या गोळ्यांना जमलं नाही ते बाबांनी केलं," असं मला चिडवायची. पुढे तिचा चेहरा सुजून गोल झाला, हातापायांच्या काड्या झाल्या, साखर वाढली. मी भांडले, तर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. मग बाबानं 'शुद्धी'साठी पुडी एकाएकी बंद करायला लावली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई कोसळली, ती उठलीच नाही.

उरलेल्या पुड्या मी औषध निरीक्षकांकडे दिल्या. प्रयोगशाळेत त्यातून स्टेरॉइड निघालं. रडायला मला सवडच नव्हती. मला त्या माणसाचं तोंड चारचौघांत काळं करायचं होतं.

रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिलं. आमच्यात दुसऱ्या फार्मासिस्टनं तपासल्याशिवाय असं काही छापत नाहीत. सहकाऱ्यानं माझं पहिलंच वाक्य खोडलं: 'या नराधमाच्या पुड्या गटारात फेका.'

"का खोडलंस?"

"हा तुझा राग आहे. एकदम फेकल्या तर आणखी कुणाची ताई जाईल."

मी दातओठ खाल्ले, पण वाक्य बदललं.

आता सभागृहात मागच्या रांगेत औषध निरीक्षक पोलिसांना घेऊन बसले होते. मी उठून व्यासपीठावर गेले. "बाबा, मघाशी पायऱ्या चढताना दोन शिष्यांनी तुम्हाला काखेत धरलं होतं. गुडघे दुखतात ना? घ्या की पुडी. इथेच, सगळ्यांसमोर."

"आम्हाला गरज नाही."

"मंत्रच आहे ना? घ्या!" मी तिथलीच एक पुडी फोडून त्याच्या तोंडाशी नेली.

तो मागे सरकला. "अहो बाई, शुगर आहे मला!"

माइक चालूच होता.

"मंत्रानं शुगर वाढते होय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. निरीक्षकांनी पुढे येऊन अहवाल वाचला. स्टेरॉइडनं सूज उतरते, दुखणं दबतं, म्हणून माणूस चालतो. आतून हाडं पोखरतात, साखर चढते. चमत्कार म्हणतात तो एवढाच.

पुढच्या क्षणी पुड्यांचा मारा बाबावर सुरू झाला. त्याच्या दाढीत पूड भरली होती आणि पोलीस त्याला ओढत नेत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण मी माइक धरला. "थांबा! रोज घेणाऱ्यांनी मनानं बंद करू नका, शरीराला तिची सवय लागलीय. एकदम तुटली तर साध्या तापानंही माणूस जातो. उरलेली पुडी घेऊन आजच डॉक्टरकडे जा. ते हळूहळू सोडवतील."

माणसं वाकून पुड्या गोळा करू लागली. मी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हातात पत्रक दिलं.

तुम्हालाही तेच सांगते. आत काय आहे हे जो सांगत नाही, त्याचं औषध तोंडात घालू नका. विचारा. विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नका.