घिवलीच्या भिंतीचा ओळंबा

मी एक जुना पितळी ओळंबा आहे. अंगाने लिंबाएवढा, पण मान केवढा! भिंत कितीही ऐटीत उभी राहो, ती सरळ की वाकडी हे सांगायचे मीच. महादू ओताऱ्याने मला घडवले आणि दोरीला बांधून सोडले. थोडे हेलकावे खाऊन मी स्थिर झालो, तेव्हा खालून मातीने मला आपल्याकडे बोलावल्यासारखे वाटले. मित्रांनो, ते नवल अजून ओसरलेले नाही.

संगमनेरच्या चंद्रभान गवंड्याच्या पिशवीत माझा संसार सुरू झाला. तारापूरजवळ वीजकेंद्राचे काम निघाले, तेव्हा तो बायको राहीबाईला घेऊन बोईसरला आला. कामगारांच्या खोल्या बांधता बांधता त्याने जवळच्या समुद्रकाठच्या घिवली गावातले एक घर स्वतःच्या अंगावर घेतले. विश्राम आणि पुष्पलता या मच्छीमार जोडप्याचे ते पहिलेच विटांचे घर होते. चंद्रभान कामाला फार जपायचा. समुद्राची वाळू दारात पडली होती. पण खाऱ्या वाळूने भिंतीला लोणा लागतो, म्हणून त्याने नदीची वाळू आणवली. प्रत्येक वीट पाण्यात भिजवूनच लावली. एवढा सावध माणूस, पण समुद्राच्या वाऱ्याचा त्याला अनुभव नव्हता.

समुद्राकडची भिंत चढू लागली, तसा समुद्रावरून येणारा वारा बाहेरच्या बाजूने सोडलेल्या मला तिच्याकडे ढकलू लागला. मी भिंतीला टेकलो की चंद्रभान खुशीत म्हणायचा, "ओळंब्यात हाय!" मी आतल्या आत तळमळायचो. मी टेकत नव्हतो, मला टेकवले जात होते. पण मला तोंड कुठे होते?

भिंत पूर्ण झाली. दुसऱ्या दिवशी छपराचे वासे चढणार होते. एकदा छपराचा भार बसला, की झुकलेली भिंत सरळ करणे कुणाच्या बापाला जमत नाही. तिच्याच कुशीला पुष्पलताच्या तान्ह्या बाळाचा पाळणा बांधायचा होता. ती बाळाला कडेवर घेऊन भिंतीकडे बघत राहिली.

"मिस्त्री, भित दर्याकडं झुकलेली वाटते मला."

"वैनी, ओळंबा कधी खोटं बोलत न्हाय," चंद्रभान जरा चिडून म्हणाला.

विश्रामने माझी हलती दोरी पाहिली. "खोटा नाय तो. पण वारा लागला की दोरी वाकते. आमी दर्याची खोली बघायला दोरीला शिसं बांधून सोडतो, ते पाण्यात गप राहतं. यालाबी बालदीत सोडून बघा ना."

चंद्रभानने भिंतीच्या माथ्यावर एक काठी बाहेर काढून ठेवली, भिंतीपासून वीतभर अंतरावर माझी दोरी बांधली आणि मला पाण्याने भरलेल्या बालदीत सोडले.

काय सांगू, मित्रांनो! वर माडाच्या झावळ्या झोडपल्या जात होत्या, समोर दर्या गरजत होता, आणि मी त्या साध्या बालदीत हळूहळू थांबलो. एवढा दर्या, एवढा वारा, पण मला कुणी हलवू शकेना. ज्या मातीने मला पहिल्यांदा बोलावले होते, तिचे बळ केवढे अफाट आहे, हे मला त्या दिवशी कळले.

चंद्रभानने वीत लावली. वर बरोबर वीतभर अंतर भरले. खाली मात्र वीत भरून आणखी तीन बोटे उरली. माथा खरोखरच समुद्राकडे झुकला होता.

"स्वतःच्या अंगावर घेतलेलं पहिलंच काम," राहीबाई हळूच म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. लेकराच्या अंगावर भिंत आली, तर कुणाला तोंड दाखवू?" असे म्हणून चंद्रभानने माथ्यावरची पहिली वीट स्वतःच्या हाताने उखडली. त्याचे डोळे भरले होते. विश्रामने विटा झेलायला हात पुढे केले.

नवी भिंत मला बालदीत सोडूनच चढली. वासे चढले, कौले बसली, आणि पुष्पलताने त्या भिंतीलगत पाळणा बांधला. बाळाला झोका देताना तिने एकदा भिंतीवर तळवा टेकवला आणि ती निश्चिंत हसली. मला याहून मोठे कौतुक काय हवे?

आता माझ्या अंगावर हिरवट थर चढला आहे आणि मी बिनकामाचा खुंटीला टांगलेला असतो. त्याचे मला वाईट वाटते, पण राग नाही. एवढेच मागणे आहे, मित्रांनो. घर बांधाल तेव्हा मला जरूर सोडा, पण मी हलत असताना माझे उत्तर घेऊ नका. तेव्हा मी वाऱ्याचे ऐकत असतो. जरा थांबा. त्या भिंतीखाली कुणाचे तरी लेकरू निजणार असते.