खाडीतले दोन हजार मीटर

दीप्तीने खांद्यावरची शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि निवेदकाच्या हातातला माईक मागून घेतला.

"चुकून जाहीर झालंय," ती म्हणाली. "मी निवृत्त झालेले नाही. चौदा तारखेच्या निवड चाचणीत मी उतरणार आहे."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. रत्नागिरीतल्या त्या सभागृहात तिला सत्कार म्हणून बोलावलं होतं. हा निरोप आहे, हे तिला व्यासपीठावर कळलं. अकरा वर्षं ती एकेरी होडी वल्हवत होती. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा रौप्य, आणि गेल्या वर्षी पाठीचं ऑपरेशन.

जिन्यात गुरुप्रसाद सरांनी तिला गाठलं. तिच्या हातात पहिली वल्ही त्यांनीच दिली होती.

"तुझा मान राहावा म्हणूनच केलं ना गो हे. आता आरोहीचे दिवस आहेत."

"मग आरोहीने मला पाण्यात हरवावं, सर. हॉलमध्ये नको."

दोन पायऱ्या वर एकोणीस वर्षांची आरोही उभी होती. तिने नजर चुकवली नाही.

"हरवेन, ताई."

चौदाला सकाळी भाट्याच्या खाडीत भरतीचं पाणी स्थिरावलं होतं. वल्हवणाऱ्याची पाठ शेवटच्या रेषेकडे असते. मागे पडलेला दिसतो, पुढे गेलेला दिसत नाही. पंधराशे मीटरपर्यंत आरोहीची होडी दीप्तीला समोर दिसत होती. मग ती बाजूला आली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यात नुसतं वल्हं उरलं, आणि तेही गेलं. समोर रिकामं पाणी. पाठीत कळ उठली तशी दीप्तीने वल्ही आणखी जोरात ओढली.

दोन सेकंदांच्या फरकाने ती हरली.

धक्क्यावर सर संघाची यादी घेऊन बसले होते. त्यांनी घड्याळाकडे पुन्हा पाहिलं.

"ऑपरेशनच्या आधीही तुझी एवढी चांगली वेळ नव्हती," ते हळूच म्हणाले. मग पेन थांबलं. "पण नाव आता..."

"राखीव लिहा."

आरोही होडीशेजारी वाकून धापा टाकत होती. दीप्ती तिच्यापाशी गेली.

"सरावात बघितलंय, शेवटच्या तीनशे मीटरला खांदे उचलतेस. तिथे वेळ जातो तुझा. उद्या सहाला ये, दाखवते."

आरोही सरळ उभी राहिली.

"ताई, मग मी आणखी पुढे जाईन."

"जा की," दीप्ती म्हणाली. "मी येतेच आहे मागून."