डोंगरातला शिंपी

आमचं शिवणाचं दुकान तीन माणसांचं होतं आणि तिघांची कामं ठरलेली होती. आत्या कापायची, बाबा शिवायचे आणि आई काजं, बटणं, हातशिलाई करून कपडा हातावेगळा करायची. मी चौथी, वय वर्षं दहा, माझं काम सगळ्यांच्या मध्ये मध्ये लुडबुडायचं. शाळेच्या पटावर माझं नाव वेगळं होतं, पण घरात मी गुंडी. रांगायला लागल्यावर मी पहिली गिळलेली वस्तू शर्टाची गुंडीच होती म्हणे.

आत्या बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं आणि का नाही केलं, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिच्या कात्रीने कुणी कागद कापला तर ती दोन दिवस बोलायची नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की तिला त्याच्या खांद्याचं माप कळायचं, टेप लावायची ती केवळ त्या माणसाच्या समाधानासाठी. पाव इंच इकडेतिकडे झालेला कपडा तिने दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. "चालतंय की," असं बाबा कधी म्हणालेच, तर म्हणायची, "चालत असेल. माझ्या टेबलावरून नाही."

दुकानाच्या वरच्या खोलीत मी तिच्याजवळ झोपायचे. दिवसभर आलेल्या माणसांच्या ती मला गमती सांगायची. कुणाचा एक खांदा खाली आहे, कोण पोट आत ओढून माप देतं, कोण दर वर्षी एक इंच वाढतं आणि टेप खोटा म्हणतं. हसून हसून माझी झोप उडायची आणि खालून आई ओरडायची.

त्या उन्हाळ्यात आत्याला एक पत्र आलं. मोठ्या शहरातल्या एका कपड्यांच्या कारखान्याने तिला बोलावलं होतं. कटिंगचा सगळा विभाग तिच्या हाताखाली राहणार होता, महिनाअखेर उत्तर कळवायचं होतं. तिने ते पत्र कागदी नमुन्यांच्या गुंडाळीत लपवलं. मी होड्या करायला कागद शोधत होते, तेव्हा ते माझ्या हाती लागलं. वाचून मी ते गुपचूप जागच्या जागी ठेवलं. दोन दिवसांनी बघते तर घडी नीट चार कोपरे जुळवून घातलेली, म्हणजे आईने वाचलं होतं. आणखी दोन दिवसांनी त्यावर मशीनच्या तेलाचा अंगठा उमटलेला दिसला. चौघांनी पत्र वाचलं होतं आणि चौघांची अळीमिळी गुपचिळी.

आत्या जाणार, हे माझ्या डोक्यातून जातच नव्हतं. शाळेत बाईंनी काही विचारलं की मी ततपप करायचे. मला एवढंच हवं होतं की तिने जाऊ नये. शहराचं काय, कारखान्याचं काय, मला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं.

अशातच बाबांनी जाहीर केलं की चार दिवस दुकान बंद आणि आपण डोंगरात फिरायला जायचं. आमचं दुकान तोवर बाबांना ताप आला तरी बंद राहिलेलं नव्हतं. आईने कपाळावर हात मारला. "अहो, शिवायला आलेले कपडे पडलेत ढीगभर." बाबा म्हणाले, "पडू देत. अण्णांनी आम्हाला लहानपणी तिथल्या गुहेत नेलं होतं. गुंडीला दाखवू."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, तेही शिंपीच. त्या गुहेत खूप आत गेलं की मशीन चालल्याचा आवाज येतो, असं घरात सांगत. डोंगराच्या पोटात एक शिंपी बसलाय आणि तो डोंगराला आतून अस्तर लावतोय, असं अण्णा म्हणायचे. माझा विश्वास होताही आणि नव्हताही.

खरं कारण मला दुसऱ्याच दिवशी कळलं. मी मशीनखाली पडलेल्या टाचण्या वेचत होते, तेव्हा बाबा हळू आवाजात आईला म्हणाले, "तिथे गेली की तिला सगळं जुनं आठवेल. मग नाही जायची ती." हे ऐकून मला बाबा जगातले सगळ्यात हुशार गृहस्थ वाटले.

प्रवासात मला चार वेळा उलटी झाली, त्यातली एक बाबांच्या नव्या पँटवर. आम्ही जिथे उतरलो, तिथल्या खोलीवाल्या बाईंनी सांगितलं, "वाटाड्या गावाला गेलाय. तुम्ही आपले पहिल्या दालनातून परत या. पुढे फाटे फुटतात." बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "मी लहानपणी आलोय इथे." आत्या तोंड फिरवून हसली. "तू डोळे घट्ट मिटून माझा हात धरून आला होतास."

तरी बाबा तयारीने आले होते. त्यांनी खिशातून जाड पांढऱ्या दोऱ्याचं नवं कोरं रीळ काढलं. अण्णांनीही असंच केलं होतं म्हणे. गुहेच्या तोंडाशी एक लोखंडी गज रोवलेला होता, त्याला त्यांनी दोऱ्याची गाठ मारली. आतून गार वारा येत होता. आम्ही स्वेटर घातले आणि ओळीने निघालो. पुढे टॉर्च आणि रीळ घेऊन बाबा, मग मी, माझ्यामागे आत्या, शेवटी आई.

पहिलं दालन आमच्या शाळेच्या सभागृहाएवढं होतं. त्यानंतर वाट अरुंद झाली. भिंतींना हात लावला की ओल लागायची. एका ठिकाणी वाट दुभंगली, थोड्या अंतराने पुन्हा दुभंगली, मग पुन्हा. प्रत्येक ठिकाणी बाबा जरा थांबत, घसा खाकरत आणि कुठली तरी एक बाजू धरत. आत्या एकदाच म्हणाली, "नक्की?" बाबा म्हणाले, "अगं ताई, दोरा आहे ना."

शेवटी आम्ही एका गोल, बुटक्या दालनात पोचलो. बाबांनी बोट ओठांवर ठेवलं. आधी माझ्याच कानात काही तरी धडधडत होतं. मग आला तो आवाज. टकटकटकटक, थोडं थांबून पुन्हा टकटकटकटक. पायमशीनवर लांब शिवण घालताना येतो तसा, शिवण संपल्यावर थांबणारा आणि कापड फिरवून पुन्हा सुरू होणारा. माझ्या अंगावर काटा आला. पाणी ठिबकत असेल, वारा कुठल्या फटीतून जात असेल, पुढे मी पुष्कळांना विचारलं आणि पुष्कळांनी पुष्कळ काही सांगितलं. मला ते आजवर पटलेलं नाही.

"अजून शिवतोय बिचारा," आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ झाला होता की बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. आपलं काम झालं, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

परत फिरायचं म्हणून बाबांनी दोरा हातात धरला आणि टॉर्चच्या उजेडात त्याच्यामागे चालू लागले. दोरा माझ्या बाजूने गेला, आत्याच्या बाजूने गेला आणि सरळ आईच्या स्वेटरच्या खिशात शिरला.

"हे काय?" बाबा म्हणाले.

आईने खिशात हात घातला. लिंबाएवढा दोऱ्याचा गुंडा बाहेर आला. तिने तो बघितला आणि तिचा चेहराच उतरला. "बाई गं! स्वेटरच्या बटणाला दोरा अडकला होता हो. मी आपला दातांनी तोडला. मग टोक लोंबत होतं जमिनीवर, तर..."

"तर गुंडाळत आलीस?"

"सवय आहे हो हाताला. लोंबता दोरा बघवत नाही मला."

दिवसातून शंभर वेळा ती हेच करायची. बटण लावलं की दोरा दातांनी तोडायचा आणि उरलेला बोटाला गुंडाळून खिशात टाकायचा. बाकी कुणाच्या आईने हे केलं नसतं. बाबा रागावले, मग हसायला लागले, मग टॉर्च मिणमिणायला लागला तसं त्यांचं हसणं थांबलं.

"सगळे खाली बसा," ते म्हणाले. "टॉर्च बंद करतो. जरा विचार करू, मग लावू."

तसा अंधार मी नंतर कधी पाहिला नाही. मी आत्याचा हात शोधून घट्ट धरला. आई मुसमुसत होती. ते मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं.

मग आत्या म्हणाली, "पत्र तू वाचलंयस ना?"

बाबांनी नुसता घसा खाकरला.

"तेलाचा डाग पडलाय त्याच्यावर. आणि मला इथे कशाला आणलंस, तेही मला कळतं. मी काही कुक्कुलं बाळ नाही. आता तूच सांग. जाऊ का मी?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, नाही म्हणा, बाबा, नाही म्हणा. त्यांनी एक शब्द उच्चारायचा होता. ती थांबली असती. तिच्या हातावरून मला ते कळत होतं.

बाबांचा आवाज आला तो ओळखू न येण्यासारखा. "मागच्या वेळी अण्णांनी इथेच विचारलं होतं तुला. शिवणाच्या शाळेत निवड झाली होती तुझी."

"तुझ्या लक्षात आहे ते?"

"अण्णा म्हणाले, उद्या हा दुकानात बसेल तेव्हा ही नसली तर याला कोण कापून देणार? मी रडलो. भोकाड पसरलं इथेच बसून. आणि तू म्हणालीस, नाही जात."

"अकरा वर्षांचा होतास तू."

"हो, पण मला सगळं कळत होतं, ताई. तुला जायचं होतं, ते दिसत होतं मला. तरी रडलो. आणि आता पुन्हा तेच करायला घेऊन आलो तुला. लाज वाटते मला. तू जा. उद्याच कळव त्यांना."

"आणि कापणार कोण?"

"मी शिकेन."

"तुला बाहीचा मुंढा कापता येत नाही धड."

"नाही येत. शिकेन म्हटलं ना."

मला वाटलं, बाबांना वेड लागलं. मी रडायला लागले, अगदी भोकाड पसरून, आणि म्हणाले, "आत्या, तू नको जाऊ." आत्याने मला जवळ ओढून घेतलं. तिचा श्वास माझ्या केसांवर लागत होता. तिने जाते म्हटलं नाही आणि राहते असंही म्हटलं नाही. मला थोपटत राहिली. मग म्हणाली, "टॉर्च लाव. चला. मी पुढे होते."

"तुला वाट माहीत आहे?"

"येताना एकशे बारा पावलांवर तिसरा फाटा होता, उजवीकडे वळलो. त्याआधी चौसष्टवर डावीकडे. पहिल्या फाट्यापर्यंत एकोणचाळीस, तिथे उजवीकडे."

"तू मोजत होतीस?"

"मी कुठली मोजते? आपोआप मोजलं जातं."

"मग मघाशीच का नाही बोललीस?" आई कळवळून म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागला होता, वन्सं."

"बसलो होतो ना छान," आत्या म्हणाली. "मलाही ऐकायचं होतं काही."

बाहेर आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. आईचा जीव भांड्यात पडला. बाबांचे डोळे लाल झाले होते आणि ते उन्हाला दोष देत होते. मी पुढचे तीन आठवडे त्यांच्याशी बोलले नाही. दहा वर्षांच्या मुलीचा राग काय असतो, हे ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांना विचारा. ते रात्री जेवताना माझी समजूत काढायला यायचे आणि मी ताट उचलून दुसरीकडे जायचे. आज मी त्या वेळच्या आत्यापेक्षा मोठी आहे आणि तरी तो अबोला आठवला की मला त्यांची माफी मागावीशी वाटते. ते आता नाहीत.

आत्याने उत्तर पाठवलं. जायच्या आदल्या आठवड्यात बाबा दुकान मिटल्यावर तिच्या टेबलाशी उभे राहून काही तरी कापत राहायचे आणि कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. तिला निरोप द्यायला स्टेशनवर जायचं, त्या सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक निळा फ्रॉक धरला. त्यांनी स्वतः बेतून, कापून शिवलेला पहिला कपडा. डावी बाही उजवीपेक्षा चांगली इंचभर आखूड होती आणि मुंढा काखेत काचत होता. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, म्हणून तो काही न बोलता घातला.

फलाटावर आत्याने मला समोर उभं केलं. तिची नजर गळ्यावरून खांद्यावर गेली, खांद्यावरून डाव्या बाहीवर गेली आणि तिथे थांबली. सवयीने तिचा हात बाहीच्या टोकाकडे आला. बाबा बॅग धरून मागे उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ती म्हणणार, उसव हे सगळं. कदाचित म्हणेल, मी नाही जात.

तिने माझी बाही नुसती सारखी केली.

"बरोबर बसलाय," ती बाबांना म्हणाली आणि गाडीत चढली.