कूलरच्या पोटातलं वादळ

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कूलर आहे आणि माझ्या पोटात एकदा वादळ उठलं होतं. खोटं वाटतं? मग ऐकाच.

महाल नावाच्या पेठेतल्या गिरिधररावांनी मला घरी आणलं, तेव्हा माझा थाट काय सांगू! मे महिन्यात पाहुणे आधी माझ्यासमोरची जागा धरायचे. दुपारी गिरिधरराव स्वतः माझ्या पाण्यात बर्फ टाकायचे. पुढे भिंतीवर एसी आला. मी गॅलरीत गेलो, डोक्यावर कांद्याची टोपली बसली.

"शाळेचं विज्ञान प्रदर्शन झालं का याले भंगारात कबाडीले देतो," ते म्हणाले.

"माझा नंबर आला तर नाही द्यायचा, बाबा," नववीतली भूमिका म्हणाली.

"बरं बाप्पा."

प्रदर्शनात वादळ करून दाखवायला भूमिकाने मला पाठीवर निजवलं. माझा पंखा आता आभाळाकडे हवा फेकणार होता. गवताच्या जाळ्या काढून तिने पारदर्शक पत्रे लावले आणि प्रत्येक कोपऱ्यात एक उभी फट ठेवली. हवा तिरपी शिरली की गोल फिरते ना, म्हणून. आत पाण्याची परात ठेवली.

प्रदर्शनात बटण दाबलं. मी जीव तोडून पंखा फिरवला. आत काहीच दिसेना.

"काहून वं, वादळ सुट्टीवर गेलं का?" तिची मैत्रीण काजल म्हणाली. परीक्षक अरुंधती मॅडम पुढे निघाल्या. मला कबाडीची हातगाडी दिसू लागली.

भूमिकाने परातीत बोट बुडवलं आणि मदतीला आलेल्या गिरिधररावांकडे वळली. "बाबा, बर्फ टाकला?"

"कूलर आहे ना वं," गिरिधरराव म्हणाले. "सवयीनं टाकला."

सगळे हसले. भूमिकाही हसली आणि धावली. शाळेच्या दारातल्या चहावाल्या यमुताईंकडून उकळतं पाणी आणून तिने परातीत ओतलं. "मॅडम, थांबा. वादळाला ऊन पाणी लागतं."

वाफ उठली, कलली, वळली. आणि परातीपासून पंख्यापर्यंत एक पांढरा दोर गरगरत उभा राहिला! अरुंधती मॅडम मागे फिरल्या.

"समुद्रात पंखा नसतो," भूमिका सांगू लागली. "उबदार पाण्यावरची दमट हवा आपोआप वर चढते. वाफेचे ढग होताना उष्णता सुटते, म्हणून हवा अजून जोरात चढते. खाली दाब कमी होतो, चहूकडून वारा धावतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून वळत येतो. पाणी जितकं ऊन, तितकं चक्रीवादळ जबर. जमिनीवर आलं की उपाशी मरतं."

"आन् टोर्नॅडो?" काजलने विचारलं.

"तो गडगडाटी ढगातून उतरतो. वर एक वारा, खाली दुसरा. मधली हवा लाटण्यासारखी लोळते, वर चढणारी हवा तिला उभं करते. घेर आवळला का वेग वाढला."

पहिला नंबर आमचा! दुसऱ्या दिवशी कबाडी आला, तर गिरिधरराव दारात आडवे आले. "याले हात नको लावू गा. हा आमचा शास्त्रज्ञ आहे."

मित्रांनो, जन्मभर मी गारवा दिला, नाव मात्र ऊन पाण्याने झालं. म्हणून जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा आडवी करून बघा. आणि समुद्राला तापू देऊ नका. एक परात तापली तर काय उठतं, ते मी आतून पाहिलं आहे.