बदली बाई

तपासणीला गेल्यावर बाई नेहमी मुलांच्या खुर्चीवर बसायच्या. बालवाडीची शिक्षिका धावत जाऊन मोठी खुर्ची आणायची, "मॅडम, इथं बसा ना," म्हणून आर्जवं करायची. पण बाई "असू दे, असू दे" करत त्या ठेंगण्या लाल-पिवळ्या खुर्चीतच स्वतःला बसवायच्या. कुणी विचारलंच तर सांगायच्या, "इथून खोली मुलांना दिसते तशी दिसते." ते खरं होतं. पण त्याहून खरं होतं ते असं, की त्या खुर्चीत बसलं की मुलं आपोआप जवळ यायची. कुणी गुडघ्यावर हात ठेवायचं, कुणी बटण दाखवायचं. तेवढंच.

बाई एकोणिसाव्या वर्षी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून बालवाडीत लागल्या. वीस वर्षं मुलांत काढली. त्यातच कुणी म्हणालं पदविका करा, त्यांनी केली. कुणी म्हणालं पदवी हवी, त्यांनी घरचं सगळं सांभाळून तीही केली. हुशार बाईला वर चढवायचं असा जगाचा नियम, त्याप्रमाणे त्यांना चढवलं. एक-एक पायरी चढत बाई तिसऱ्या मजल्यावरच्या कार्यालयात पोहोचल्या, आणि तिथं बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण ज्यांच्यासाठी एवढं शिकलो ती सगळी खालीच राहिली. या गोष्टीला अकरा वर्षं झाली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्या घरी येऊन नवऱ्याला सांगायच्या. मग सांगणं सोडलं. वाटणं काही सुटलं नाही.

त्या दिवशी तपासणी होती ती शिवणकारखान्याच्या बालवाडीची. कारखान्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, मध्ये एक दार, आणि भिंतीपलीकडे दिवसभर यंत्रांची घरघर. आया सकाळी मुलांना सोडून कामावर जायच्या. बाई आत शिरल्या तेव्हा एक नवा मुलगा दारातच भोकाड पसरून उभा होता. त्याची आई कधीच कारखान्यात पळाली होती. एक पंचेचाळिशीची, आडव्या बांध्याची स्त्री त्याच्याजवळ गेली. तिनं त्याला उचललं नाही, 'रडू नको' म्हटलं नाही. नुसती म्हणाली, "अरे, बरं झालं तू आलास. हे दार सारखं आपटतंय. जरा धरून ठेवतोस?"

मुलानं हुंदके देत देत दार धरलं. दोन मिनिटांनी त्यानं विचारलं, "किती वेळ धरू?"

"तुझ्या मनाला येईल तितका वेळ."

दार आणखी थोडा वेळ धरून त्यानं ते सोडलं आणि आत जाऊन ठोकळ्यांत बसला. शिक्षिकांच्या प्रशिक्षणात बाई हीच गोष्ट दोन तास फळ्यावर शिकवायच्या, आणि ऐकणाऱ्या जांभया द्यायच्या.

"शिक्षिका तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

"नाही हो, मी मदतनीस. सगळी मावशी म्हणतात." ती हात पुसत म्हणाली. "शिक्षिका चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे लागल्या. जाहिरात दिली होती, पण इतक्या आडबाजूला कोण येणार? तोवर मीच सांभाळते."

"किती वर्षं आहात?"

"सतरा. पाच शिक्षिका आल्या नि गेल्या, मी आपली खुंटीसारखी तिथंच."

बाईंनी तिथं सकाळपासून दुपारपर्यंत तपासणी केली. तेवीस मुलं होती. एकही मूल रिकामं नव्हतं आणि एकावरही आवाज चढला नव्हता. मग तपासणीच्या पत्रकातला रकाना आला : वर्गशिक्षिकेची पात्रता. बाईंचं पेन तिथं अडलं. खोटं लिहिणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी 'नाही' लिहिलं आणि मावशींकडे बघायचं टाळलं.

मावशींना ते कळलंच. "वर्ग बंद होईल ना?"

"पंधरा दिवसांत पात्र शिक्षिका आली नाही तर. नियम तसा आहे."

"नियम बरोबरच आहे," मावशी म्हणाल्या. "उद्या कुणीही उठून मुलं सांभाळायला लागलं तर कसं चालेल? पण मी कुणीही आहे का, एवढंच विचारायचं होतं." मग जरा थांबून, "शाळेचं शेवटचं वर्ष पास आहे मी. पदविकेचा अर्ज दोनदा आणला. एकदा सासूबाई आजारी पडल्या, एकदा धीरच झाला नाही. वाटायचं, या वयात पाटी-पेन्सिल घेतली तर पोरं हसतील. पोरं काय, माझीच पोरं हसतील."

बाई घरी आल्या. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावलं तरी बायकोचं तोंड त्याला न बघता वाचता यायचं.

"काय झालं?"

"अहो, मी एक वर्ष खाली जाऊ का?"

"खाली म्हणजे?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. पदविका एक वर्षाची. दुपारी वर्ग, सकाळी एखाद्या पात्र शिक्षिकेच्या हाताखाली प्रत्यक्ष काम. मावशींना प्रवेश मिळाला, आणि तिथं एक वर्षापुरती कुणी पात्र शिक्षिका बसली, तर वर्गही वाचेल आणि मावशींचं शिक्षणही होईल. आणि पात्रता तर आपल्याकडे पोत्यानं आहे.

नवऱ्यानं भिंग काढलं. "लोक वर चढायला जिवाचं रान करतात, आणि तू जिना उतरायला निघालीस."

"हसा तुम्ही."

"हसत नाही गं. इतक्या वर्षांत तू काही मागितलंस का कुणाकडे? जा की."

कार्यालयातल्या साहेबांना ते पटायला आठ दिवस लागले. "मॅडम, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "उद्या सगळेच म्हणतील आम्हाला मुलांत पाठवा."

"एकही जण म्हणणार नाही, साहेब," बाई म्हणाल्या. साहेबांनी कागद पुढे ओढला. त्यांनी सही केली. एक वर्ष, एक दिवसही जास्त नाही.

आता कुणाला वाटेल, बाई तिथं गेल्या आणि पाण्यात मासा पोहावा तशा पोहू लागल्या. तसं मुळीच झालं नाही. पहिल्या दिवशी बाई गोष्ट सांगायला बसल्या तेव्हा मुलं पाच मिनिटांत पांगली. बाईंचा आवाज प्रशिक्षणाच्या सभागृहासाठी कमावलेला होता. त्या छोट्या खोलीत तो घोषणेसारखा वाटायचा. पडलं-झडलं की मुलं त्यांच्या समोरून धावत मावशींकडे जायची. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं त्यांना स्पष्टच विचारलं, "तू घरी कधी जाणार?"

बाईंना रडू कोसळेल की काय असं झालं. ज्या खोलीसाठी अकरा वर्षं जीव तुटला, त्या खोलीत आपण पाहुण्या. त्यात गुडघे. जमिनीवर बसायला त्रास नव्हता, उठताना मात्र भिंत शोधावी लागायची.

मुलं गेल्यावर मावशी भांडी आवरता आवरता म्हणाल्या, "एक बोलू का? राग मानू नका."

"बोला."

"तुम्ही मुलांकडे बघताना सगळ्यांकडे एकदम बघता. एकेकाकडे बघा. बाकीची आपली आपली बघून घेतात."

बाई हसल्या. हे वाक्य त्यांनी स्वतः कधीतरी एका पुस्तिकेत लिहिलं होतं, पंधरा शब्द जास्त वापरून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घाई सोडली. एक बारकी मुलगी होती, कुणाशी न बोलणारी, रांगेत सगळ्यांत मागे. मावशी तिला लाडानं मुंगी म्हणायच्या. बाई तिच्या शेजारी बसून मोठी बटणं रंगाप्रमाणे वाटीत टाकू लागल्या. बोलल्या नाहीत. चार दिवस असंच चाललं. पाचव्या दिवशी बाईंनी निळं बटण हिरव्यात टाकलं, तेव्हा मुंगीनं ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "बघून टाक." त्या बालवाडीत तिनं उच्चारलेले हे पहिले शब्द. मावशी पलीकडच्या खोलीतून आ वासून बघत राहिल्या. त्याच आठवड्यात एका सकाळी मुंगी खेळता खेळता बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. पायाला मुंग्या आल्या, पाय बधिर झाला, पण बाई तासभर हलल्या नाहीत. मावशींनी उशी आणून पुढे केली तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मावशींचं घोडं मात्र वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. दुपारच्या वर्गात सगळ्या वीस-बावीस वर्षांच्या मुली. मावशी मागच्या बाकावर. सगळं कळायचं, पण लिहायला घेतलं की हात थिजायचा. निरीक्षणवहीत रोज एका मुलाबद्दल पानभर लिहायचं होतं. मावशींनी लिहिलं होतं : 'मूल चांगले आहे. खेळले.' पुढे कोरं.

"अहो, याच मुलाबद्दल मला सकाळी अर्धा तास सांगत होतात तुम्ही!" बाई म्हणाल्या.

"ते सांगणं झालं. हे लिहिणं. पुस्तकातले शब्द नाही येत मला."

"पुस्तकातले शब्द कुठून आले पुस्तकात? तुमच्यासारख्या कुणीतरी आधी बघितलं म्हणूनच ना? मला सांगितलं तसं लिहा. दार धरलं तर दार धरलं लिहा."

मग रोज संध्याकाळी, मावशी वर्गाहून आल्या आणि मुलं गेली की, दोघी त्या ठेंगण्या खुर्च्यांवर बसायच्या. मावशी बोलायच्या, बाई मध्येच थांबवायच्या, "हं, हे लिहा." हळूहळू मध्ये थांबवायची गरज उरली नाही. मावशींची एक वही भरली, दुसरी भरली. घरच्या मुलांनी सुरुवातीला चेष्टा केली खरी, पण परीक्षा जवळ आली तेव्हा मुलगाच आईची वही तपासायला बसू लागला. मावशी ते रोज नव्यानं सांगायच्या.

बाईंना वर्षाचे दिवस जाताना दिसत होते. त्या तोंडातून अवाक्षर काढत नव्हत्या. पण सकाळी लवकर यायच्या, आणि सगळी गेल्यावरही खोलीत रेंगाळायच्या. कुणाचं चित्र उलटं लावलंय का बघायच्या, ठोकळे पुन्हा एकदा रचायच्या. नवरा म्हणायचा, "अगं, किल्ली दिलेलं घड्याळसुद्धा एवढं वेळेवर उठत नाही." बाई हसायच्या, आणि मनात म्हणायच्या, अजून ऐंशी दिवस. अजून बेचाळीस.

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष वर्ग घेण्याची होती. बाहेरून परीक्षक येणार, आणि मार्गदर्शक शिक्षिकेनं खोलीत थांबायचं नाही, असा नियम. बाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतून मावशींचा आवाज येत होता, आधी जरा कापरा, मग नेहमीचा. एकदा काहीतरी सांडल्याचा आवाज झाला. बाईंचा हात दाराकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला. आत मावशी म्हणत होत्या, "सांडलं? चला, आता बघू पाणी कुठे कुठे जातं." मग खसखस. तेवीस मुलांची आणि, बाईंना शपथेवर सांगता आलं असतं, परीक्षकांचीसुद्धा.

बाई हसल्या आणि त्याच वेळी त्यांना आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. आतलं सगळं त्यांच्यावाचून नीट चाललं होतं. याचसाठी तर आलो होतो, असं त्यांनी स्वतःला दोनदा सांगितलं.

मावशी पास झाल्या, चांगल्या गुणांनी. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी त्या पत्र हातात घेऊन उभ्याच राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मला बाई म्हणतील का हो सगळी?"

"म्हणायला लावा," बाई म्हणाल्या. "सतरा नि एक, अठरा वर्षांचं देणं आहे ते." पण मुलांनी काही ऐकलं नाही. ती 'मावशी बाई' म्हणू लागली, आणि तेच रूढ झालं.

शेवटच्या दिवशी बाईंनी मुलांना खरं ते सांगितलं : उद्यापासून मी दुसऱ्या कामावर जाणार. मुलांनी ऐकलं आणि आपापल्या खेळाला लागली. त्या वयाला उद्या फार लांब असतो. मुंगी तेवढी जवळ आली.

"परवा येशील?"

"नाही गं."

"त्याच्या परवा?"

बाई तिच्यापुढे वाकल्या. त्यांनी तिच्या बुटाचा बंद सोडला आणि पुन्हा बांधला, सावकाश. तो आधी नीटच बांधलेला होता.

त्या परत तिसऱ्या मजल्यावर गेल्या. साहेबांनी स्वागत केलं, टेबल होतं तिथंच होतं. महिन्याभरानं बाईंनी पुन्हा विचारून पाहिलं, आणखी कुठल्या बालवाडीत अशी गरज असेल तर? साहेब म्हणाले, "एकदा झालं ते झालं, मॅडम." ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या हाताखाली एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं, एवढंच.

तपासणीच्या पत्रकात मात्र बाईंनी भांडून एक रकाना वाढवून घेतला : मदतनिसाला पुढे शिकायची इच्छा आहे का? पहिल्याच वर्षी सव्वीस जणींनी 'हो' लिहिलं. त्यातल्या नऊजणी शिकायला गेल्या. बाई त्यांच्या वह्या वाचायला घरी आणतात आणि जेवताना नवऱ्याला वाचून दाखवतात.

एका रविवारी त्यांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, "अहो, मला निवृत्त व्हायला किती वर्षं राहिली?"

"सहा. का? कंटाळलीस?"

"नाही. नियम वाचत होते. शिक्षिकेला वयाची अट आहे." त्यांनी चष्मा काढला. "मदतनिसाला नाही."

नवऱ्यानं हातातलं काम खाली ठेवलं. त्याला थट्टा सुचत होती, पण बायकोचा चेहरा बघून त्यानं ती गिळली.

"गुडघ्यांचं काय करशील?" त्यानं हळूच विचारलं.

"उठताना भिंत असतेच की," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. समोरच्या अंगणात कुणाचं तरी पोर एकटंच दगड रचत बसलं होतं. तिसरा दगड सारखा पडत होता. खाली जावं की न जावं, हे बाईंना बराच वेळ ठरवता आलं नाही.